तेल खाणाऱ्या बॅक्टेरियाची पावडर, सात महिन्यांनंतर

माधवनगर रोडला आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, मागचा पंधरा बाय वीस फुटांचा पट्टा डिझेल आणि जळकं ऑइल सांडून सांडून असा झालेला की पाऊस आला की तवंग थेट शेजारच्या काकांच्या विहिरीकडं, आणि मग त्यांची बोलणी. माती जेसीबीनं उचलली तरी टाकायची कुठं? टेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर, म्हणजे तेल खाणारे बॅक्टेरिया, रिफायनरीच्या तेलकट गाळावर वापरतात हे वाचलेलं, म्हणून फेब्रुवारीत दुसऱ्या एका कंपनीची तसलीच पावडर मागवली.

पाकिटावर लिहिलेलं, नुसतं शिंपडा. शिंपडलं. महिनाभर काही म्हणजे काही नाही. मग अ‍ॅग्रीला असलेला भाचा आला, म्हणाला मामा, जनावरं आणून दावणीला बांधलीस आणि वैरण-पाणी कोण बघणार? तेलात कार्बन मिळतो पण नायट्रोजन, फॉस्फरस नाही, ते आपण द्यायचं, साधारण कार्बन 100 ला नायट्रोजन 10 ला फॉस्फरस 1 असा हिशोब. 1989 ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा पण किनाऱ्यावर खतच मारलेलं, काम तिथल्याच बॅक्टेरियांनी केलं. मग मी पण युरिया आणि थोडं डीएपी टाकलं. दुसरं म्हणजे हवा, आपल्या काळ्या मातीत ती शिरतच नाही, म्हणून साखर कारखान्यावरनं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणून मिसळला आणि दर चार दिवसांनी कुदळीनं खालीवर. ओल वाफशाएवढीच, चिखल नको.

दीड महिन्यात डिझेलचा वास गेला, खरंच गेला. मी दर रविवारी मूठभर माती काचेच्या ग्लासात ढवळून बघायचो, आधी वर जाड इंद्रधनुष्य यायचं, मेअखेर नुसते चारदोन ठिपके. मधेच आमच्या पोरानं फिनेलचं पाणी त्यावरच ओतलं, पंधरा दिवस सगळं ठप्प, शिव्या खाल्ल्या त्यानं. जुलैत पाणी साचून कुजका वास सुटला, ताडपत्री आधीच घालायला पाहिजे होती, ती चूक माझी.

जळक्या ऑइलचा कोपरा मात्र अजून काळाच आहे, डांबरासारखा जड भाग यांना लवकर पचत नाही, आणि इंजिन झिजून आलेला धातू तर कुठलाच बॅक्टेरिया खाऊन संपवत नाही, त्यामुळं तिथं भाजी लावायचा विचार कुणी करू नका. मी नुसती बघायला मेथी टाकलेली, डिझेलच्या बाजूला उगवली, कोपऱ्यात एक दाणा नाही.

पाचातले साडेतीन स्टार, दीड कापला तो पाकिटावरच्या त्या "नुसतं शिंपडा"साठी. काका सध्या गप्प आहेत.