अनुदानित तासांच्या पूर्वतयारीची कार्यशाळा: वेळापत्रक चोख, हिशेब अर्धवट

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेत जाण्याच्या वयापर्यंतच्या मुलांना वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला ३० तास सरकारी अनुदानातून मिळू लागले आणि त्यापाठोपाठ नर्सरी चालवणाऱ्यांची ‘तयारी करून देणाऱ्या’ सल्लागारांचा सुकाळ झाला. अशाच एका खासगी संस्थेचा संच आम्ही आमच्या छोट्या नर्सरीसाठी घेतला. त्यात दिवसभराची ऑनलाइन कार्यशाळा, छापील कार्यपुस्तिका, हिशेबाची एक्सेल शीट, इन्व्हॉइस व पालक-कराराचे नमुने आणि नंतरचे काही आठवडे ई-मेलवरून शंकानिरसन एवढे येते. तारखा, कोड आणि कागदपत्रे यांबाबत हा संच उत्तम आहे. पैशांचा भाग अपुरा आहे. इन्व्हॉइसचा नमुना मात्र जसाच्या तसा वापरला तर अडचणीत आणणारा आहे.

योजनेचा इतिहास कार्यशाळेने थोडक्यात आटोपला आणि ते योग्यच होते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी नोकरदार पालकांना ३० तास २०१७ पासूनच होते. एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना १५ तास मिळाले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नऊ महिन्यांच्या बाळांना, आणि वर्षभराने सर्वांचे तास ३० झाले. परंतु या क्रमाचा व्यावसायिक अर्थ एकाही वक्त्याने सांगितला नाही. आजवर बहुतेक नर्सऱ्यांमध्ये मोठ्या मुलांच्या वर्गात पडणारी तूट लहान बाळांच्या खासगी फीमधून भरून निघत असे, कारण ती फी ठरवणे आपल्या हातात होते. आता त्या वयोगटाच्या तासांचाही मोठा भाग सरकारच विकत घेते आणि त्याचा दर कौन्सिलकडून (स्थानिक प्रशासनाकडून) कळतो. तयारी करायची ती मुख्यतः या बदलाची. अर्ज कसा भरायचा हे कोणीही वाचून शिकू शकते.

आता गुणांकडे वळते. कार्यपुस्तिकेतील कोडचे पान इतके नेटके आहे की आम्ही ते कार्यालयाच्या भिंतीवर लावले आहे. पालकाला हक्काचा पुरावा म्हणून सरकारी संकेतस्थळावरून मिळणारा अकरा अंकी कोड, त्याची सुरुवात व शेवट, ग्रेस पीरियड (पात्रता गेल्यावरही तास चालू राहण्याची मुदत) संपण्याची तारीख, पात्रतेच्या पुढील पुनर्पुष्टीची तारीख आणि आपण कौन्सिलच्या प्रणालीत कोड तपासला ती तारीख असे रकाने त्यात आडवे आखलेले आहेत. पुनर्पुष्टी दर तीन महिन्यांनी करावी लागते आणि ती पालकांनी करायची असते; तरीही ती चुकली की फोन आपल्यालाच येतो. म्हणून पुनर्पुष्टीच्या दोन आठवडे आधी पालकांना पाठवायच्या स्मरणपत्राचा मजकूरही सोबत दिला आहे. तो विनम्र आहे, मोजका आहे आणि त्यात दोष कोणाचा हे आधीच ठरवून टाकलेले नाही.

पालकांचा सर्वाधिक गोंधळ होतो तो हक्क कधी सुरू होतो या प्रश्नावर, आणि तो भाग वक्त्यांनी उदाहरणांनिशी फार छान समजावला. बाळाला ज्या दिवशी नऊ महिने पूर्ण होतात त्या दिवसापासून तास मिळत नाहीत. त्यानंतर येणाऱ्या सत्रापासून, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबर यांपैकी पुढच्या तारखेपासून मिळतात. १० ऑक्टोबरला नऊ महिने पूर्ण होणाऱ्या बाळाचे अनुदान १ जानेवारीला सुरू होईल, आणि त्यासाठी वैध कोड ३१ डिसेंबरपर्यंत हातात असला पाहिजे. कोड २ जानेवारीला मिळाला तर सर्वसाधारणपणे एप्रिलपर्यंत थांबावे लागते. प्रवेशाच्या चौकशीला आलेल्या पालकांना हे पहिल्याच भेटीत लेखी द्यावे, हा सल्ला आम्ही लगेच अमलात आणला. अनुदानित तास सकाळी सहाच्या आधी किंवा रात्री आठनंतर धरता येत नाहीत, एका दिवसात दहापेक्षा अधिक लावता येत नाहीत आणि एका मुलाचे तास एकाच दिवशी दोनपेक्षा अधिक ठिकाणी विभागता येत नाहीत, हे नियमही एका चौकटीत स्पष्ट छापलेले आहेत.

वर्षभर चालणाऱ्या नर्सरीसाठी तास ताणून देण्याचा, म्हणजे ३८ आठवड्यांचे ११४० तास अधिक आठवड्यांवर पसरवण्याचा हिशेब एक्सेल शीट बिनचूक करते. ५१ आठवड्यांवर पसरवले तर आठवड्याला साधारण २२ तास येतात. मूल वर्षाच्या मध्येच सोडून गेले तर किती तास वापरले आणि किती उरले हे मात्र शीट दाखवत नाही, आणि वाद नेमका तिथेच होतो. तो रकाना आम्हाला स्वतः जोडावा लागला.

दराच्या सत्रात निराशा सुरू झाली. २०२५-२६ साठी सरकारकडून कौन्सिलना मिळणारे सरासरी ताशी दर दोन वर्षांखालील बाळांसाठी ११.५४ पाउंड, दोन वर्षांच्या मुलांसाठी ८.५३ आणि तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ६.१२ पाउंड असे होते; त्या वर्षी यांपैकी किमान ९६ टक्के निधी कौन्सिलने पुढे नर्सऱ्यांना द्यायचा होता आणि प्रत्यक्ष दर प्रत्येक कौन्सिलचा वेगळा असतो. वक्त्यांनी हे आकडे पडद्यावर दाखवले, बाळांचा दर सर्वांत चांगला असल्याचे सांगितले आणि जागा असल्यास बाळांची खोली वाढवण्याचा सल्ला दिला. मुलामागचा दर पाहून असा निर्णय घेणे धोक्याचे आहे. कर्मचाऱ्याच्या एका तासामागे किती येते, हे पाहायला हवे.

दोन वर्षांखालील तीन बाळांमागे एक, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक आणि त्याहून मोठ्या आठ मुलांमागे एक कर्मचारी हे किमान प्रमाण धरले, तर वरच्या सरासरी दरांनी एका कर्मचाऱ्याच्या तासामागे अनुक्रमे ३४.६२, ४२.६५ आणि ४८.९६ पाउंड येतात. म्हणजे सर्वांत ‘चांगला’ दर मिळवणारी खोलीच प्रत्येक कर्मचाऱ्यामागे सर्वांत कमी कमावते. त्यात जागेचा नियम मिळवला की चित्र आणखी उघड होते. दोन वर्षांखालील प्रत्येक बाळाला साडेतीन चौरस मीटर जागा लागते, त्यामुळे तीस चौरस मीटरच्या खोलीत आठ बाळे बसतात, नववे बसत नाही. सहा बाळांना दोन कर्मचारी पुरतात. सातव्या आणि आठव्या बाळासाठी तिसरी व्यक्ती लागते, आणि ती दोन बाळे मिळून तिच्या तासामागे २३.०८ पाउंडच आणतात. २०२५-२६ मध्ये १२.२१ पाउंड हे किमान वेतन, त्यावर भरपगारी रजा, पेन्शन, खोलीचे भाडे, वीज, विमा हे सारे त्यातून वजा व्हायचे असते. तिसऱ्या व्यक्तीमुळे जेवणाच्या सुट्टीत बदली मिळते, म्हणून आम्ही तरीही आठ बाळे घेतली. पण तो निर्णय हा हिशेब मांडून घेतलेला होता आणि मांडणी आमची होती. अशी एक तालिका संचात असती तर संपूर्ण शुल्क वसूल झाले असते.

हिशेबाच्या शीटमध्ये याहून ढोबळ दोषही आहे. मालकाने कर्मचाऱ्यांमागे भरायच्या नॅशनल इन्शुरन्सचा (सामाजिक सुरक्षा वर्गणीचा) दर तिच्यात १३.८ टक्के आणि ज्या पगारापुढे तो लागतो ती मर्यादा वर्षाला ९,१०० पाउंड अशी जुनीच ठेवलेली आहे. एप्रिल २०२५ पासून दर १५ टक्के आणि मर्यादा ५,००० पाउंड झाली आहे. आठवड्याला साडेसदतीस तास किमान वेतनावर काम करणाऱ्या एका व्यक्तीमागे त्यामुळे वर्षाला सुमारे ७९० पाउंडांचा फरक पडतो. छोट्या नर्सरीला १०,५०० पाउंडांच्या एम्प्लॉयमेंट अलाउन्सचा (या वर्गणीतील वार्षिक सवलतीचा) आधार मिळतो आणि अशा तीन पूर्णवेळ कर्मचाऱ्यांचा भार त्यात बसतोही, पण त्यापुढे तो खर्च थेट आपल्या खिशातून जातो. हे निदर्शनास आणून दिल्यावर संस्थेने ‘पुढील आवृत्तीत सुधारणा करू’ असे उत्तर पाठवले. आधी शीट घेतलेल्यांना ते कळवणार का, यावर उत्तर आले नाही.

पैसे कधी येतात, याविषयी फार तर दहा मिनिटे बोलणे झाले. खासगी फी आपण महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घेतो. कौन्सिलकडून साधारणपणे महिन्यागणिक रक्कम येते, परंतु सत्राच्या सुरुवातीला ती आपण दिलेल्या अंदाजावर असते आणि हेडकाउंटनंतर (मुलांच्या प्रत्यक्ष मोजणीनंतर) जुळवून घेतली जाते; अंदाज जास्त दिला असेल तर पुढच्या हप्त्यातून रक्कम कापली जाते. निम्म्याहून अधिक उत्पन्न अनुदानातून येणाऱ्या नर्सरीने एका पगाराइतकी तरी गंगाजळी बाजूला ठेवल्याखेरीज या योजनेत उतरू नये, असे माझे मत आहे.

आता इन्व्हॉइसच्या नमुन्याबद्दल, कारण सर्वांत गंभीर आक्षेप त्यावर आहे. त्यात अनुदानित तास शून्य पाउंडांनी दाखवले होते, आणि त्याखाली ‘दैनिक सुविधा शुल्क’ अशी एकच ठोक ओळ होती, जी प्रत्येक मुलाला, प्रत्येक दिवशी, आपोआप लागत होती. अनुदानाचा दर आणि आपली खासगी फी यांतील फरक पालकांकडून घेण्यास मनाई आहे. जेवण, डायपर, सनक्रीम किंवा जादा उपक्रम यांचे पैसे मागता येतात, परंतु ते ऐच्छिक असले पाहिजेत, आणि ते न भरणाऱ्या पालकाचा अनुदानित तासांचा प्रवेश त्यामुळे अडता कामा नये. सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली मार्गदर्शिका अधिक स्पष्ट केली आणि अनुदानित तास, खासगी तास, जेवण, इतर वस्तू आणि उपक्रम हे इन्व्हॉइसमध्ये वेगवेगळे दाखवण्याची अपेक्षा जानेवारी २०२६ पर्यंतच्या मुदतीसह घातली. सर्व काही एका ओळीत कोंबणारा नमुना तयारीच्या नावाखाली विकणे मला अजिबात पटलेले नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका सहभागीने हा मुद्दा काढला, तेव्हा ‘बहुतेक नर्सऱ्या असेच करतात’ एवढेच उत्तर मिळाले. पालकाने कौन्सिलकडे तक्रार केल्यावर हे उत्तर कोणाच्याही कामी येणार नाही.

आम्ही तो नमुना बाजूला ठेवून जेवण आणि डायपर यांच्या स्वतंत्र ओळी केल्या आणि करारात दोन्हींसमोर ‘घरून आणेन’ असा पर्याय ठेवला. डबा आणणाऱ्या मुलांसाठी ॲलर्जीचे नियम लिहून काढावे लागले, फ्रिजमध्ये एक कप्पा मोकळा करावा लागला. किती पालक घरून आणतील याचा अंदाज स्वयंपाकाच्या खरेदीपूर्वी लागतो, म्हणून ही निवड सत्राच्या आरंभी एकदाच करून घ्यावी. अनामत रकमेबाबतचा नमुना मात्र बरोबर आहे: फक्त अनुदानित तास घेणाऱ्या कुटुंबाची अनामत पूर्ण परत करायची, हे त्यात ठळक लिहिलेले आहे.

कर्मचाऱ्यांवरचे सत्र सरासरी होते. दोन वर्षांच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२३ पासून चाराऐवजी पाच मुलांमागे एक व्यक्ती चालते, याचा वक्त्यांनी बचतीचा मार्ग म्हणून फार गवगवा केला. नियमात बसते हे खरे. पण डायपर बदलण्यासाठी एक जण खोलीबाहेर गेल्यावर उरलेल्यांचे काय, या प्रश्नाला नियम उत्तर देत नाही. आमच्याकडे कागदावर पाच आणि प्रत्यक्षात चारच ठेवतो.

विशेष गरजा असलेल्या किंवा कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी मिळणाऱ्या जादा निधीला कार्यपुस्तिकेत अवघा अर्धा परिच्छेद आहे. २०२५-२६ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठीचा अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम ताशी एक पाउंड, म्हणजे वर्षाला ५७० पाउंडांपर्यंत मिळत होता, आणि डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स (अपंगत्व भत्ता) मिळणाऱ्या मुलासाठी डिसॅबिलिटी ॲक्सेस फंडातून वर्षाला ९३८ पाउंड मिळत होते. दोन्हींसाठी पालकांकडून वेळेवर माहिती घ्यावी लागते, आणि ती मागण्याची जागा प्रवेश-अर्जातच हवी. संचातील अर्जात ती नाही.

घरी मुले सांभाळणाऱ्या चाइल्डमाइंडरांसाठी वेगळे सत्र असल्याचे जाहिरातीत म्हटले होते. ते नर्सरीच्याच स्लाइडवरून घाईघाईने उरकले. आपल्या मराठी मंडळींत अनेक ताई-काकू हे काम करतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: भाच्याला, पुतणीला किंवा नातवाला सांभाळले तर अनुदान मिळेल का? जवळच्या नात्यातील मुलासाठी चाइल्डमाइंडरला ते मिळत नाही. या एका वाक्याला कार्यशाळेत जागा मिळाली नाही. चाइल्डमाइंडरांनी हा संच विकत घेऊ नये. स्थानिक कौन्सिलच्या अर्ली इयर्स विभागाशी थेट बोलावे आणि तीन गोष्टी ई-मेलवर लेखी मागवून घ्याव्यात: प्रत्येक वयोगटाचा या वर्षीचा स्थानिक दर, महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे जमा होतात, आणि हेडकाउंटनंतर आलेल्या मुलाचे तास कसे धरले जातात. नर्सरी चालवणाऱ्यांनी घ्यायचाच असेल तर कोडच्या पानासाठी आणि तारखांच्या सत्रासाठी घ्यावा. एक्सेल शीट उघडल्यावर आधी नॅशनल इन्शुरन्सचे दोन आकडे बदलावेत, आणि इन्व्हॉइसचा नमुना कोणत्याही पालकाला पाठवू नये.