जुने सर्व्हर आणि अ‍ॅन्सिबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या लिनक्स सर्व्हरांवर अ‍ॅन्सिबल (एका जागेवरून अनेक सर्व्हर सांभाळायचं साधन) वापरायला लागून आठ महिने झाले. माझ्याकडे सेंटओएस या लिनक्सच्या प्रकारातली सेंटओएस ७ ची बरीच मशीन्स आहेत, सेंटओएस ६ ची तीन. सहाचा सपोर्ट नोव्हेंबर २०२० मध्ये संपला, सातचा ३० जून २०२४ ला. पण त्यांच्यावरचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालत नाही तोवर ती सांभाळणं भाग आहे.

पहिल्याच दिवशी अडकलो. अ‍ॅन्सिबल-कोअर (अ‍ॅन्सिबलचा मूळ भाग) २.१७ टाकलं, साधं पिंग मॉड्यूल (समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारा छोटा प्रोग्राम) चालवलं आणि लाल अक्षरांत ‘फ्यूचर फीचर अ‍ॅनोटेशन्स इज नॉट डिफाइंड’. नेटवर्क पाहिलं, एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) की पाहिल्या, अर्धा दिवस गेला. कारण भलतंच निघालं: २.१७ ला समोरच्या मशीनवर किमान पायथॉन (ज्या भाषेत अ‍ॅन्सिबलची मॉड्यूल्स चालतात ती) ३.७ लागतं आणि सेंटओएस ७ चं मूळचं पायथॉन २.७ आहे. मग सर्व्हरवर वेगळं, नवं पायथॉन बसवलं. पिंग हिरवं झालं, पण पॅकेज टाकताना पुन्हा एरर, कारण यमची (सेंटओएसवर पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रामची) लायब्ररी जुन्या पायथॉनलाच बांधलेली. शेवटी सर्व्हर होते तसेच ठेवले आणि अ‍ॅन्सिबलच मागे नेलं. एका व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (पायथॉनच्या स्वतंत्र कप्प्यात) २.१६, सहाच्या मशीन्ससाठी दुसऱ्यात २.१२. तेव्हापासून हा त्रास गेला. माझ्या मते हाच मार्ग धरावा.

ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्राम) ८.८ पासून एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीची आरएसए सही (लॉगिनवेळी ओळख पटवणारी) डिफॉल्टने बंद असते, त्यामुळे सहाची मशीन्स कनेक्टच होईनात. ती जुनी सही चालू देण्याची सूट मी त्या तीन मशीन्सपुरतीच दिली. कृपा करून सगळ्यांसाठी उघडू नका.

सगळ्यात मोठा फायदा झाला तो चेक (बदल न करता नुसती चाचणी) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं) यांचा. एसएसएचचं प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला दिलेली कामांची यादी) प्रत्यक्ष बदल न करता फिरवलं, तर एका सर्व्हरवर वजा चिन्हासमोर (म्हणजे बदलली जाणार असलेली जुनी ओळ) ‘परमिटरूटलॉगिन येस’ दिसलं, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्याने थेट लॉगिन चालू होतं. कधीतरी घाईत कुणीतरी उघडलं होतं, बंद करायचं राहून गेलं. हाताने एकेका मशीनवर लॉगिन करत बसलो असतो तर ते मला कधीच सापडलं नसतं. मात्र रॉ मॉड्यूलची (समोरच्या मशीनवर थेट कमांड चालवणाऱ्या) कामं चेकमध्ये वगळली जातात, त्यामुळे तिथे आधी काही कळत नाही. म्हणून सीरियल (एका वेळी किती मशीन्स घ्यायची ते) एकवर ठेवतो: एक मशीन नीट झालं की मगच पुढचं.

सेंटओएसची मिररलिस्ट (पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणारी यादी) बंद पडल्यावर सगळ्यांच्या रेपो फाइल्स (पॅकेजच्या स्रोताचे पत्ते) व्हॉल्टकडे (सेंटओएसच्या जुन्या पॅकेजच्या साठ्याकडे) वळवणं एका प्लेबुकात झालं. पण व्हॉल्टवर नवे पॅच येत नाहीत, आणि २.१६ चाही सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. त्यामुळे ही मशीन्स मी फायरवॉलमागे वेगळ्या नेटवर्कमध्ये हलवली आहेत.