जाड माणसांची दुबई आणि दांडिया बाजारातल्या टेपवाल्या ताई

आधी निकाल सांगून टाकते, पाचातले चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ताईच म्हणाल्या की आहेत ती गिऱ्हाइकं सांभाळताना नाकी नऊ येतात, पण बडोद्याच्या दांडिया बाजारात टेप घेऊन बसणाऱ्या ट्रॅव्हलवाल्या ताई कुठे म्हणून विचारा, कोणीही सांगेल.

तर मी आणि माझ्या वन्सं, दोघी भरभक्कम, ट्रिपल एक्सएलच्या पलीकडच्या. वन्संचा डावा गुडघा कुरकुरतो आणि मला उन्हात पाच मिनिटं चाललं की मांड्या घासून आग आग होते. ताईंच्या आधी अलकापुरीतल्या एका चकचकीत ऑफिसात गेलो होतो, तिथल्या मुलाने आम्हाला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला मॅडम वॉकिंग खूप आहे हं, झेपेल का, आणि सिनियर सिटिझनचं पॅकेज पुढे सरकवलं. वन्सं बावन्नच्या आहेत हो! तशाच उठून बाहेर आल्या.

ताईंकडे पहिली गोष्ट म्हणजे खुर्च्यांना हात नाहीत. हे ज्यांना कळलं त्यांना कळलं. दुसरी गोष्ट, त्या वजन विचारत नाहीत, बसवून टेपने कमरेखालची रुंदी मोजतात, मग जिने किती चढता, जमिनीवर बसलात तर उठता येतं का, अंघोळीला टब चालतो का, घोरता का (दोन खोल्या घ्यायच्या का म्हणून), सगळं वहीत लिहून घेतात आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. डॉक्टर सुद्धा इतकं सरळ विचारत नाहीत, ते आधी वजनावर भाषण देतात.

विमानाचं त्यांनी जे सांगितलं ते मला अजून कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला वाटतं मोठं विमान म्हणजे ऐसपैस सीट, तर तसं काही नाही. बोइंग 777 आखलं होतं तेव्हा एका रांगेत नऊ सीट धरल्या होत्या, आता बऱ्याच कंपन्या 3-4-3 अशा दहा बसवतात, मग सीट साधारण 17 इंचांवर येते. त्यापेक्षा छोटं एअरबस ए320 बरं, तिथे 18 च्या आसपास मिळते. बोइंग 737 ची केबिन ए320 पेक्षा अरुंद, म्हणजे छोटं विमान घेतलं तरी कुठलं ते बघायचं. एक इंचाने काय होतंय असं बारीक माणूस म्हणेल, म्हणू दे.

सगळ्यात पुढच्या रांगेत पाय पसरता येतात म्हणून लोक धावतात, आपण धावायचं नाही, कारण तिथे ट्रे सीटच्या हातातच बसवलेला असतो, तो हात वर होत नाही आणि बाजूने पक्का बंद असल्याने मांड्या दाबल्या जातात. बाकी रांगांमध्ये मधले हात वर होतात, आणि कडेचा म्हणजे पॅसेजकडचा हात सुद्धा बऱ्याच विमानांत होतो, त्याच्या खाली बिजागरीजवळ एक बारीक बटण असतं ते दाबायचं. मी दाबलं आणि झालं की वर! शेजारच्या काकांनी पण लगेच आपलं शोधायला घेतलं.

आम्हा दोघींसाठी ताईंनी तीन सीट घेतल्या, मी खिडकी, वन्सं पॅसेज, मधली रिकामी. तिकिटावर त्या सीटचं वेगळं नाव येतं, ईएक्सएसटी असं, म्हणजे एक्स्ट्रा सीट. हे बुकिंगच्या वेळीच करायचं, चेक-इनला गेल्यावर नाही, आणि तिन्ही बोर्डिंग पास हातात ठेवायचे, नाहीतर रिकामी सीट बघून कोणीतरी येऊन बसतंच. पैसे जास्त गेले, पण तीन तास कोणाच्या मांडीला मांडी न लावता बसलो, वन्सं तर अहमदाबाद सोडलं आणि झोपल्याच.

बेल्टचं पण सांगते. विमानात शिरताना दारातच एअर होस्टेसला हळूच एक्स्टेंडर (बेल्ट लांब करणारा जोडपट्टा) द्या म्हणायचं, ती मुठीत लपवून आणून देते, कोणाला पत्ता लागत नाही. ऑनलाइन मिळतो तो विकत घेऊ नका, बहुतेक कंपन्या बाहेरचा चालू देत नाहीत. आणि एक्स्टेंडर लागत असेल तर इमर्जन्सी दाराची रांग शक्यतो मिळतच नाही, तिथे जास्तीचे पैसे घालवू नका.

दुबईत मेट्रोला ताईंनी गोल्ड क्लासचं नोल कार्ड (तिथलं तिकिटाचं कार्ड) काढायला लावलं होतं. तिकीट साध्याच्या दुप्पट, पण गर्दी कमी आणि सीट खरोखर रुंद. चुकून सुद्धा साध्या कार्डावर त्या डब्यात चढू नका, 100 दिरहॅम दंड आहे. दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा पूल पाऊण किलोमीटरच्या वर आहे, सरकते पट्टे आहेत म्हणून निभावलं. तेवढं चालायला आतून सायकलिंग शॉर्ट्स आणि भरपूर पावडर, ही ताईंची यादी, आणि ज्यांच्या मांड्या घासतात त्यांनी सोन्याच्या आधी ही खरेदी करावी. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीसाठी स्वतःचे सैल, पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि ओढणी घेऊन जा असंही त्यांनी बजावलं होतं, तिथे पोचल्यावर आपल्या मापाचं शोधत बसायला नको. मशीद काय सांगू, 82 घुमट, पांढरं शुभ्र, डोळे दिपतात.

आता कापलेला स्टार. वाळवंटाच्या सफारीत गाडीतली पुढची सीट मिळाली, वन्संना मधली, इथपर्यंत ठीक, पण रात्रीच्या कॅम्पवर जेवायला जमिनीवर गाद्या आणि टीचभर उंचीची टेबलं! ताईंनी वहीत लिहून घेतलं होतं की वन्संना खालून उठता येत नाही, पण कॅम्पवाल्यांना टेबल-खुर्ची सांगायचं राहिलं. दोन पोरांनी धरून उठवलं त्यांना, बेली डान्स सोडून लोक तिकडे बघायला लागले. हॉटेलात पण वॉक-इन शॉवर मागितला होता आणि मिळाला उंच काठाचा टब, मी तक्रार केली तेव्हा खोली बदलून मिळाली खरी, पण अर्धा दिवस गेला. ताईंना फोनवर सांगितलं तर सबबी न देता त्यांनी प्लॅनिंगची फी, माणशी 1500, परत केली आणि वहीत कॅम्प असं लाल पेनाने लिहिलं (फोटो पाठवला मला!).

ही फी पॅकेजच्या वर वेगळी असते आणि पहिल्याच भेटीत घेतात, त्यावरून कुरकुर करणारे असतील तर त्यांनी जाऊ नये. आमच्या पुढच्या सिंगापूरचं काम त्यांच्याकडेच दिलंय. जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी एक ते चार शटर खाली असतं आणि फोन पण उचलत नाहीत. स्कूटर न्यायमंदिरकडे लावून चालत या, बाजारात पार्किंगची बोंबच आहे.