‘बिहेव्ह’ लिहू की ‘ट्रीट’?

शेजारच्या काकू परवा तक्रारअर्ज घेऊन आल्या. पहिलंच वाक्य होतं, ‘द क्लार्क बिहेव्ह्ड मी बॅडली.’ म्हणणं कळत होतं, वाक्य मात्र चुकलं होतं.

इथे आपली मराठीच मदतीला येते. ‘बिहेव्ह’ म्हणजे वागणे, ‘ट्रीट’ म्हणजे वागवणे. ‘तो मला वागला’ असं आपण कधी म्हणत नाही. ‘माझ्याशी वागला’ किंवा ‘मला वागवलं’ म्हणतो. इंग्रजीतही तसंच. ‘बिहेव्ह’ला दुसऱ्या कुणाचं कर्म चालत नाही, ‘बिहेव्ह युअरसेल्फ’मधलं स्वतःचं तेवढं चालतं. म्हणून ‘बिहेव्ह्ड बॅडली टोवर्ड्स मी’ लिहा, नाहीतर ‘ट्रीटेड मी बॅडली’. तक्रारीत मी ‘ट्रीटेड मी बॅडली’च घेईन, कारण ज्याला सोसावं लागलं तो त्यात क्रियापदाला लागूनच येतो. फक्त ‘बॅडली’ गाळू नका. नुसतं ‘ट्रीटेड मी’ म्हटलं तर उपचार केले किंवा खाऊ घातलं असं वाटेल.

‘बिहेव्ह’चं याच्या उलट. मुलाला सांगताना ‘नीट वाग’मधलं ‘नीट’ आपल्याला सोडता येत नाही. इंग्रजीत नुसतं ‘बिहेव्ह!’ म्हटलं की त्यात ‘नीट’ आलंच.

‘ॲक्ट’ही वागण्यासाठी चालतं, ‘ॲक्टेड स्ट्रेंजली’ म्हणजे विचित्र वागला. पण ‘द पोलीस ॲक्टेड क्विकली’ म्हणजे पोलिसांनी लगेच हालचाल केली. तिथे ‘बिहेव्ह’ बसणार नाही.

राहिलं ‘मिसबिहेव्ह्ड विथ मी’. ‘माझ्याशी गैरवर्तन केलं’ याचं हे थेट रूप भारतीय इंग्रजीत चांगलंच रुळलंय, इथल्या कार्यालयात खुशाल लिहा. ब्रिटन-अमेरिकेत मात्र ‘मिसबिहेव्ह’पुढे ‘विथ’ सहसा लावत नाहीत, आणि तो शब्द बहुधा दंगा करणाऱ्या मुलांसाठी वापरतात. गंभीर तक्रार त्याने पोरकट वाटते, याचं मला फार वाईट वाटतं; छळ सोसलेल्या बाईचं म्हणणं एका शब्दापायी हलकं होऊ नये. तिथे अर्ज पाठवायचा असेल तर काय घडलं तेच लिहा: शिवी दिली, ढकललं, कागद फेकले.

काकूंना विचारलं, ‘नक्की काय केलं हो त्याने?’ मग त्यांच्या अर्जात ‘ट्रीटेड मी बॅडली’च्या खाली आणखी एक वाक्य आलं: ‘द क्लार्क थ्रू माय पासबुक अक्रॉस द काउंटर.’