'एफकॉमन' फ्लॅग लावायचा की हेडर दुरुस्त करायचं?

उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलं, की एखादा जुना सी प्रोग्राम लिंक होताना, म्हणजे वेगवेगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनताना, 'मल्टिपल डेफिनिशन' (एकाच नावाच्या अनेक व्याख्या) म्हणत अडतो. कोड तोच असतो, बदललेला असतो कंपायलर: जीसीसी ९ च्या जागी ११. २०२० मधल्या जीसीसी १० पासून 'नो-कॉमन' हे डीफॉल्ट झालं, म्हणजे वेगवेगळ्या फाइलींतली एकाच नावाची ग्लोबल व्हेरिएबल्स पूर्वीसारखी एकत्र होत नाहीत. त्यामुळे हेडरमध्ये (अनेक सी फाइलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलीत) नुसतं 'इंट काउंट;' असेल, तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीत त्याची वेगळी व्याख्या तयार होते.

पहिला मार्ग सोपा: सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांत) जुनी पद्धत परत आणणारा 'एफकॉमन' घाला, 'मेक क्लीन'ने जुन्या बिल्डच्या फाइली पुसून पुन्हा बिल्ड करा, झालं. कोड दुसऱ्याचा असेल किंवा उद्या डेमो असेल तर हेच बरं.

हेडरमध्ये 'एक्स्टर्न' (व्हेरिएबल दुसरीकडे आहे, एवढंच सांगणारा शब्द) आणि व्याख्या एकाच सी फाइलीत, हा दुसरा मार्ग. वेळ खातो, पण मला हाच पटतो. कारण 'कॉमन'मध्ये एका फाइलीतला इंट आणि दुसरीतला त्याच नावाचा डबल लिंकर मुकाट्याने एकाच जागी बसवतो. मग एकीने लिहिलेला आकडा दुसरीला भलताच दिसतो, आणि एररही येत नाही! अशा दोन व्हेरिएबल्सचा एकमेकांशी संबंधच नसेल, तर मात्र 'एक्स्टर्न' नको. दोन्हीकडे 'स्टॅटिक' लावा, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल आपापल्या फाइलीपुरतं राहतं.