पुराच्या रेघेचे पैसे आमच्या अनामतीतून

सांगलीच्या गावभागातील तळमजल्यावरच्या ज्या दोन खोल्यांत आम्ही 22 महिने भाड्याने राहिलो, त्या सोडताना 30,000 रुपयांच्या अनामतीपैकी 7,500 रुपयेच हाती आले. हे कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण त्या घरमालकांनी तो प्रकार आमच्यावर पहिल्यांदा केलेला नव्हता.

घर सोडण्याआधी आम्ही दोघांनी दोन दिवस घासून-पुसून स्वच्छता केली. बोअरच्या पाण्याने नळांवर आणि न्हाणीघराच्या फरशीवर बसलेला क्षारांचा पांढरा थर काढला, ओट्यामागचा तेलकटपणा घालवला, माळासुद्धा झाडला. घरमालकांनी सगळीकडे फिरून पाहिले, "छान ठेवलंत हो घर" असे म्हणून किल्ल्या घेतल्या आणि अनामत आठ दिवसांत खात्यावर जमा करतो असे सांगितले. पैसे हाती येण्याआधी किल्ल्या दिल्या, ही माझी पहिली चूक.

तीन आठवड्यांनी 7,500 रुपये जमा झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एका कोऱ्या कागदाचा फोटो आला: ओल, रंग आणि सफाई मिळून 22,500 रुपये. त्यावर ना रंगाऱ्याचे नाव होते, ना तारीख. बाहेरच्या खोलीतली ओलीची जी आडवी रेघ आमच्या माथी मारली होती, ती पुराची होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, 2021 मध्ये पुन्हा पूर आला आणि आम्ही राहायला आलो 2022 मध्ये. विटांत मुरलेला क्षार दर पावसाळ्यात रंगाचे पोपडे काढतो. फडक्याने तो पुसला जात नाही, हे सांगलीकराला वेगळे सांगायला नको.

फोन केल्यावर त्यांनी करारातले "घर मिळाले तसे परत द्यावे" हे कलम वाचून दाखवले. घर मिळाले तेव्हा कसे होते, याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. पुढे आमच्या आधीचे भाडेकरू मार्केट यार्डात भेटले, तेव्हा कळले की त्यांच्याही अनामतीतून याच भिंतीच्या रंगासाठी 9,000 रुपये कापले होते. रंग अर्थातच लावला नव्हता, नाहीतर ती रेघ आम्हाला दिसलीच नसती.

परिचयातील वकिलांनी सांगितले की, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम 108 भाडेपट्ट्याचे घर मिळाले त्या स्थितीत परत करायला सांगते, मात्र वापराने होणारी रास्त झीज आणि अनिवार आपत्तीने झालेले बदल त्यातून वगळते. शिवाय आमचा करार केवळ नोटरीकडे केलेला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते आणि तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. वकिलांची नोटीस गेल्यावर 10,000 रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी दावा लावायचा तर खर्च आणि हेलपाटे त्याहून जास्त, म्हणून मी तो नाद सोडला.

आता नव्या घरात सामान लावण्याआधीच प्रत्येक भिंतीचे, नळाचे आणि संडासाच्या फरशीचे फोटो काढून ते घरमालकांना त्याच दिवशी पाठवले आणि "पाहिले" असे उत्तर मागून घेतले. त्यांना ते थोडे विचित्र वाटले.