डिह्युमिडिफायर: खोक्यावरचा लिटरचा आकडा आणि घरातली ओल

डिह्युमिडिफायर म्हणजे हवेतली ओल काढणारे यंत्र घेताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर असते: यंत्र दिवसाला किती लिटर पाणी काढते. बारा, वीस, पंचवीस असे हे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात आणि दुकानातली सगळी तुलना त्यांच्याभोवतीच फिरते. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते कोणत्या हवेत मोजले आहेत हे कळल्याशिवाय त्यांचा काडीचाही उपयोग नाही. माझ्या घरी सध्या कंप्रेसरवर चालणारे मध्यम क्षमतेचे यंत्र आहे आणि बाजारात मिळणारे इतर दोन प्रकारही मी वापरून पाहिले आहेत. त्यामुळे कोणत्याही एका कंपनीची शिफारस न करता, या यंत्राकडून काय मिळते, काय मिळत नाही आणि निवडताना नेमके काय विचारावे, याबद्दल येथे लिहीत आहे.

पुष्कळ कंपन्या आपली क्षमता ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या ८० टक्के बाष्प) या स्थितीत मोजतात. ही जवळजवळ आदर्श स्थिती आहे, कारण हवा जितकी उष्ण आणि दमट, तितके तिच्यातून पाणी काढणे सोपे. तेच यंत्र २७ अंश आणि ६० टक्क्यांवर चालवले तर पाणी साधारण निम्म्यावर येते, आणि खोली आणखी थंड असेल तर त्याहूनही कमी. अमेरिकेत २०१९ पासून ही चाचणी सुमारे १८ अंश तापमानाला घेण्याचा नियम झाला, तेव्हा आधी ७० पाइंटची (एक पाइंट म्हणजे सुमारे अर्धा लिटर) म्हणून विकली जाणारी यंत्रे ५० पाइंटच्या गटात जाऊन बसली. फक्त मोजण्याची हवा बदलली होती. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना माहितीपत्रकातला चाचणीचा तपशील दोन्हींसाठी सारखा आहे ना, हे आधी पाहावे. त्याबरोबर विजेच्या एका युनिटमागे किती लिटर पाणी निघते हा आकडा मिळाला तर तो लिटरच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा समजावा. चांगल्या कंप्रेसर यंत्राकडून उबदार हवेत युनिटमागे दीड ते दोन लिटरची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आता खोलीच्या हवेत मुळात पाणी असते तरी किती, याचा हिशेब करून पाहू. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. तापमान ३० अंश असताना आर्द्रता ८५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आणायची असेल, तर दर घनमीटरमागे सुमारे ९ ग्रॅम बाष्प काढावे लागते. म्हणजे सगळ्या खोलीच्या हवेतून जेमतेम ३७० ग्रॅम, अर्धा लिटरसुद्धा नाही! मग टाकी दिवसातून दोनदा कशी भरते? उरलेले पाणी भिंती, गाद्या, पुस्तके, लाकूड आणि कपडे यांच्यात मुरलेले असते, आणि त्याहून अधिक पाणी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरच्या दमट हवेबरोबर आत येते. तासाला खोलीतली निम्मी हवा जरी बदलली तरी वरच्याच स्थितीत दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी नव्याने आत शिरते. माझ्या मते या यंत्राविषयी समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दार उघडे ठेवून पंचवीस लिटरचे यंत्र चालवण्यापेक्षा फटी बुजवून आणि दार लावून बारा लिटरचे यंत्र चालवलेले केव्हाही बरे.

खिडकी उघडल्याने ओल कमी होते हा समजही याच हिशेबावर तपासता येतो. बाहेर ५ अंशांची थंडी असेल तर हवा ९० टक्के दमट असूनही तिच्यात घनमीटरमागे केवळ ६ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. ती आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते, आणि अशा दिवसांत खिडकी उघडणे हाच उत्तम उपाय ठरतो. बाहेर पावसाची झड लागलेली असून तापमान २७ अंश असेल तर त्याच घनमीटरमध्ये २४ ग्रॅम बाष्प असते, आणि उघडी खिडकी म्हणजे घरात पाणी ओढून घेणेच होय.

यंत्र घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी: ओल हवेतून येते आहे की भिंतीतून. त्यासाठी साधारण हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ओलसर भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दोष हवेतल्या बाष्पाचा, आणि तेथे डिह्युमिडिफायर उपयोगी पडेल. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून झिरपत आहे. नळाची गळती, गच्चीची तडा गेलेली बाजू किंवा जमिनीतून चढणारी ओल शोधून ती दुरुस्त केल्याशिवाय कोणतेही यंत्र पुरे पडणार नाही. उलट अशी भिंत यंत्राने वरचेवर सुकवत राहिले की आतले क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरी फुले धरतात आणि रंगाचे पोपडे निघतात.

दुसरी पूर्वतयारी म्हणजे स्वतंत्र आर्द्रतामापक. यंत्राच्या पॅनेलवरचा आकडा यंत्राच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो, खोलीच्या कोपऱ्यातल्या कपाटाचा नव्हे, आणि त्यात पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. लहान डिजिटल मापकही चुकतोच, पण तो तपासण्याची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकून ते भिजलेल्या वाळूसारखे करावे, मात्र पूर्ण विरघळू देऊ नये. मग ते झाकण आणि मापक हवाबंद पारदर्शक पिशवीत शेजारी-शेजारी ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी दाखवतो हे कळले, आणि एवढे कळणे घरच्या कामाला पुरेसे आहे.

आता यंत्रांच्या प्रकारांकडे वळू. कंप्रेसरचे यंत्र फ्रिजच्या तत्त्वावर चालते: पंखा खोलीतली हवा थंड नळ्यांवरून ओढतो, नळ्या दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) थंड असल्याने बाष्पाचे पाणी होऊन टाकीत ठिबकते, आणि कोरडी झालेली हवा गरम नळ्यांवरून जाऊन बाहेर पडते. उबदार आणि दमट हवेसाठी याला पर्याय नाही. मात्र खोलीचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की थंड नळ्यांवर बर्फ जमू लागतो, तो वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून थांबावे लागते आणि काम मंदावते. अशा थंड घरांसाठी शोषक चाकाचे यंत्र असते. त्यात झिओलाइटसारखा पदार्थ लावलेले चाक संथ फिरत हवेतले बाष्प शोषते, आणि चाकाचा दुसरा भाग हीटरने तापवून ते बाष्प वेगळे काढले जाते. हे यंत्र वजनाला हलके असते, कंप्रेसरची घरघर त्यात नसते आणि गोठण्याच्या जवळपासच्या तापमानातही ते नेटाने पाणी काढते. परंतु उबदार हवेत तेवढेच पाणी काढायला ते कंप्रेसरपेक्षा दुपटीहून अधिक वीज खाते आणि खोली चांगलीच तापवते.

तिसरा प्रकार पेल्टियर पट्टीवर (वीज दिली की जिची एक बाजू थंड होते अशा पट्टीवर) चालणाऱ्या लहान, देखण्या यंत्रांचा. दिवसाला अर्धा लिटर पाणी आणि ७० वॉट वीज असे आकडे खरे धरले तरी एका लिटरमागे तीन युनिटांहून अधिक वीज लागते, म्हणजे कंप्रेसरच्या पाच-सहा पट. कपाट किंवा छोटी बंद जागा यापलीकडे ते घेऊ नये. झोपण्याच्या खोलीसाठी म्हणून ते विकले जाते हे मला अयोग्य वाटते. कपाटासाठी तर कॅल्शियम क्लोराइडचे डबे वीज न घेता तेच काम करतात.

उष्णतेचा मुद्दा मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण विक्रेते तो सांगत नाहीत. बाष्पाचे पाणी होताना लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता सुटते आणि ती खोलीतच राहते. समजा यंत्र ३०० वॉट वीज घेऊन तासाला अर्धा लिटर पाणी काढत आहे. तर खोलीत ३०० वॉट नव्हे, ६०० वॉटहून अधिक उष्णता सोडली जात आहे. बंद लहान खोलीत तापमान दोन-चार अंशांनी वाढलेले सहज जाणवते. ज्यांना दमटपणाबरोबर उकाडाही नकोसा होतो त्यांनी हे ध्यानात घेऊनच निर्णय घ्यावा. ज्या खोलीत एअर कंडिशनर आहे तेथे उन्हाळ्यात त्याचा ड्राय मोड आधी वापरून पाहावा. तो मात्र खोली थंडही करतो, आणि हवा आधीच गार असलेल्या पावसाळी दिवसांत हीच त्याची अडचण ठरते. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली वातानुकूलन यंत्रणा आखली, तीही कागद दमट होऊन छपाई बिघडू नये म्हणून. आर्द्रतेचा प्रश्न थंडाव्याइतकाच जुना आहे.

सोयींपैकी तीन गोष्टींवर मी अडून बसेन. पहिली, नळी जोडून पाणी सतत बाहेर सोडण्याची व्यवस्था. ती असेल तर यंत्र न्हाणीघराच्या मोरीपाशी उंचवट्यावर ठेवता येते आणि टाकी भरून यंत्र मध्यरात्री बंद पडत नाही. दुसरी, वीज जाऊन आल्यावर आधीच्याच सेटिंगवर आपोआप सुरू होणे. स्पर्शाच्या बटणांची कित्येक यंत्रे वीज आल्यावर नुसतीच थांबून राहतात, आणि चार दिवस बाहेरगावी गेलेल्या माणसाला परतल्यावर कुबट वासच भेटतो. तिसरी, आर्द्रतेचा टक्का स्वतः ठरवण्याची सोय. ‘कमी-मध्यम-जास्त’ एवढीच बटणे असलेले यंत्र घेऊ नये. टाकीला झाकण आणि मूठ आहे का, तेही हाताळून पाहावे, कारण चार लिटर पाण्याने काठोकाठ भरलेली उथळ टाकी न सांडता नेणे कठीण असते. आयोनायझर, रंगीत दिवे आणि मोबाइल ॲप यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. आवाजाचे म्हणाल तर कंप्रेसरची यंत्रे बहुधा ४० ते ५० डेसिबलच्या दरम्यान असतात; दिवसा ते खपून जाते, पण ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी संध्याकाळी खोली कोरडी करून घ्यावी आणि निजताना यंत्र बंद करावे.

वापरताना ५० ते ५५ टक्क्यांचे लक्ष्य पुरेसे आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगते. त्याहून वर बुरशीला वाव मिळतो. मात्र ४० टक्क्यांच्या खाली जाण्याचा हट्ट धरू नये, कारण मग वीज वाया जाते, घसा कोरडा पडतो आणि लाकडी वाद्ये व फर्निचर यांना तडे जाऊ शकतात. सुरुवातीचे काही दिवस यंत्र जवळजवळ अखंड चालते, कारण गाद्या आणि भिंती मुरलेले पाणी हळूहळू सोडत असतात. त्यावरून यंत्र कुचकामी ठरवू नये. कपडे वाळवण्यासाठी तर मी या यंत्राला पूर्ण गुण देतो. सगळ्यांत लहान खोलीत कपडे विरळ टांगावेत, दार लावावे, यंत्राची कोरडी हवा कपड्यांखालून जाईल अशी दिशा द्यावी आणि सोबत पंखा लावावा. सकाळी टांगलेले कपडे दुपारी घडी घालण्याजोगे होतात आणि त्यांना तो ओशट, आंबूस वास येत नाही.

देखभाल थोडी आहे, पण टाळता येणारी नाही. मागची जाळी पंधरवड्याने धुवावी. धूळ बसली की हवा कमी ओढली जाते आणि नळ्यांवर बर्फ धरतो. टाकीच्या तळाला हात लावून पाहावा, बुळबुळीत लागली तर साबणाने घासून काढावी. निघालेले पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात धूळ, जंतू आणि नळ्यांच्या धातूचे अंश असतात. ते पिऊ नये, स्वयंपाकाला किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतही वापरू नये, फरशी पुसायला वापरावे. यंत्र नेहमी उभेच न्यावे, आणि आडवे नेले गेले असेल तर काही तास उभे ठेवूनच सुरू करावे, म्हणजे कंप्रेसरचे तेल जागेवर येते. २०१३ मध्ये अमेरिकेत आगीच्या धोक्यामुळे वीस लाखांहून अधिक डिह्युमिडिफायर परत मागवावे लागले होते, त्यामुळे यंत्र हलक्या एक्स्टेन्शनवर लावणे किंवा त्यावर कपडे पसरणे मला मुळीच मान्य नाही.

दोन-तीन वर्षांनी यंत्र चालते पण पाणी येत नाही अशी तक्रार उद्भवली, तर आधी जाळी धुऊन आणि खोलीचे तापमान पाहून घ्यावे. त्यानंतरही टाकी कोरडी राहत असेल तर अर्धा तास चालवून जाळीमागच्या थंड नळ्या टॉर्चने पाहाव्यात. सगळ्या नळ्यांवर पाण्याचे मणी दिसले तर यंत्र ठणठणीत आहे आणि हवाच कोरडी आहे. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी नळ्या कोरड्या असतील तर बहुधा नळ्या थंड करणारा आतला वायू गळाला आहे. लहान यंत्रांत ही दुरुस्ती महाग पडते, म्हणून नवे यंत्र घेतानाच कंप्रेसरची आणि वायूगळतीची हमी किती वर्षांची आहे, हे लेखी मागून घ्यावे.